तत्त्वज्ञान आणि सार्वजनिक धोरणावर प्रबंध लिहिताय? या चुका टाळा

माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मसुद्यांची अनुक्रमणिका एकाच साच्यातली असते. आधी दोन प्रकरणं जॉन रॉल्स या तत्त्वज्ञाचा न्यायविचार, मग मुंबईतलं झोपडपट्टी पुनर्वसन, शेवटी शिफारशी. रॉल्स आणि झोपडपट्टीची गाठ अख्ख्या प्रबंधात पडत नाही. सगळ्यात मोठी चूक हीच.

एका विद्यार्थ्याने अशी साठ पानं आणली होती. मी विचारलं, "मोफत घरासाठी १ जानेवारी २००० पर्यंत झोपडीत राहायला आलेलं असावं, अशी मुदत आहे. दुसऱ्या दिवशी झोपडीत राहायला आलेल्याचं काय?" त्याला ती तारीखच माहीत नव्हती. योजना त्याने कुठल्याशा लेखातून उचलली होती. मी रॉल्स बाजूला ठेवायला लावला आणि त्याला शासन निर्णय वाचायला बसवलं, सोबत एका सोसायटीचं परिशिष्ट-२, म्हणजे पात्र-अपात्र झोपडीधारकांची यादी. मुदत आधी १९९५ ची, मग २००० ची. पुढे २०११ पर्यंतच्यांना घर, पण पैसे भरून. तीन आठवड्यांनी तो प्रश्न घेऊन आला: घराचा हक्क गरजेतून येतो, की इतकी वर्षं इथे काढल्यामुळे? त्याचा प्रबंध तिथे सुरू झाला. साठातली नऊ पानं उरली.

दुसरी चूक, निकाल न वाचता त्याचा दाखला देणं. "ओल्गा टेलिस खटल्यात न्यायालयाने फुटपाथवासीयांना हटवायला मनाई केली" हे वाक्य मी कितीदा खोडलंय! १९८५ च्या त्या निकालाने उपजीविका हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला, हे खरं. पण हटवण्याचा पालिकेचा अधिकारही कायम ठेवला. पावसाळा जाऊ द्या, ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबा, आणि १९७६ च्या गणनेत ओळखपत्र मिळालेल्यांना पर्यायी जागा द्या, असं सांगितलं. हक्क मान्य होऊनही माणूस उठवला जातो, हे कसं? तुमचा प्रश्न इथे आहे, आणि सारांशावर भागवणाऱ्याच्या तो हाती लागत नाही. दोन संध्याकाळी द्या, मूळ निकाल वाचा.

पाहणीत लोक समाधानी दिसले म्हणून धोरण न्याय्य ठरत नाही. समाधानापासून न्यायापर्यंत नेणारं मधलं तत्त्व लिहा.

शिफारशी शेवटच्या आठवड्यात लिहू नका.

आणि विरोधी बाजूचं पान सर्वांत आधी लिहा. विरारला भाड्याने राहून रोज लोकलने चर्चगेट गाठणारा विचारतो, "मला का नाही मोफत घर?" त्याचं म्हणणं त्याला पटेल असं मांडा, मग उत्तर द्या. ते पान जमेपर्यंत मी दुसरं प्रकरण हातात घेत नाही.