दातावर काळा ठिपका दिसला की आधी काय बघायचं

मध्यंतरी आरशात बघताना दाढेवर काळी रेघ दिसली आणि मी थेट रूट कॅनालच्या खर्चाचा हिशोब करायला बसले, डॉक्टरांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाल्या चहाचा डाग आहे, खाचेत बसलाय, जाऊ दे. आणि त्याच दिवशी सोबत नेलेल्या मुलाच्या वरच्या पटाशीच्या दातांवर हिरडीला लागून खडूसारखा पांढरा पट्टा होता, मला वाटलं दूध पिऊन चूळ भरली नसेल, तर कीड नेमकी तिथे सुरू झालेली. त्यामुळे नुसत्या रंगावर जाऊ नका.

घरी बघायचं असेल तर आधी नीट ब्रश करा, मग स्वच्छ सुती कपड्याने दात कोरडा करा कारण थुंकी असली की बरंच काही लपतं, आणि मोबाईलची टॉर्च लावून कुणाला तरी फोटो काढायला सांगा. तारीख लक्षात ठेवा, महिन्याने परत काढा, डाग वाढला का ते कळतं. फक्त सेफ्टी पिन, सुई, टाचणी काही घालून टोकरू नका, नुकतीच सुरू झालेली कीड असली तर वरचा पातळ थर आपणच फोडतो.

आता डाग कुठे आहे ते बघा. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला तपकिरी-काळा थर असेल तर तो बहुतेक वेळा चहा, तंबाखू, पान आणि साठलेला टार्टर म्हणजे दातावर घट्ट झालेला थर, डॉक्टरकडे स्केलिंग केलं, म्हणजे तो थर खरवडून काढला, की निघतो. मिश्री लावणाऱ्यांचे दात तर सगळेच काळपट दिसतात, आमच्याकडे मावश्यांना अजून वाटतं मिश्रीने दात मजबूत होतात, अहो ती तव्यावर भाजलेली तंबाखू आहे. दातांचा रंग सोडा, गालाच्या आत किंवा हिरडीवर पांढरा चट्टा आहे का, दोन आठवडे झाले तरी न भरणारी जखम आहे का ते बघा, असेल तर लगेच दाखवायचं.

मुलांना आयर्नचं औषध चालू असेल तरी दात काळे पडतात, पण तो वरवरचा डाग, पॉलिश केला की जातो, म्हणून औषध बंद करू नका, नंतर पाणी प्यायला द्या. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश बरेच दिवस वापरला तरी तेच होतं.

सगळ्या दातांवर, दोन्ही बाजूंना सारखेच पांढरे-तपकिरी पट्टे असतील आणि लहानपणी बोअरचं पाणी प्यायला असाल तर फ्लोरोसिस, म्हणजे पाण्यातल्या जास्त फ्लोराइडमुळे पडलेले डाग, असू शकतो. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही गावांत हे खूप दिसतं. पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड ठीक, दुसरं पाणीच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात. दात हिरडीच्या आत तयार होत असतानाच, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आत, हा परिणाम होतो, मोठेपणी पाणी बदलून डाग जात नाहीत. ही कीड नाही, उपचार दिसण्यासाठी करायचा की नाही ते तुमच्यावर.

दाढेच्या खाचेतला काळा ठिपका मात्र फसवा. कडक, चकचकीत आणि वर्षानुवर्षं तेवढाच असेल तर कधीकधी ती थांबलेली कीड असते, डॉक्टरसुद्धा नुसतं लक्ष ठेवतात. पण कडा मऊ, निस्तेज, भोवती करडी सावली, घास अडकतोय, दातांमध्ये साफ करायला धागा घातला की तुटतो, असं असेल तर आत पोकळ झालेलं असू शकतं. दोन दातांच्या मधली कीड तर एक्स-रेशिवाय बरेचदा दिसतच नाही. आणि एक गोष्ट आईबाप हमखास चुकतात, सहाव्या वर्षाच्या आसपास शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे जी दाढ येते ती कायमची असते, कुठलाच दात न पडता आलेली म्हणून आपल्याला दुधाची वाटते, आणि तिच्याच खोल खाचांत कीड पटकन शिरते. ती आली की डॉक्टरांना खाचा सील करायचं विचारा.

पडल्यावर किंवा मार लागल्यावर काही आठवड्यांनी एकच दात करडा झाला तर दुखत नसला तरी दाखवा, आतली नस मेलेली असू शकते.

दुखण्याचं गणित असं: गोड-थंड लागल्यावर क्षणभर झिणझिण आणि लगेच थांबली तर बहुधा फिलिंगवर भागतं. कळ बराच वेळ टिकते, रात्री झोपेतून उठवते, तर कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचलेली असू शकते, मग रूट कॅनाल. आणि महिनाभर ठणकणारा दात अचानक गप्प झाला तर पेढे वाटू नका, नस मेली म्हणूनही थांबतो, आणि मग खाली पू धरतो. गाल सुजलाय, ताप आहे, तोंड उघडत नाही किंवा गिळायला त्रास होतोय तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना, श्वासाला त्रास असेल तर थेट मोठं हॉस्पिटल.

लिंबू, सोडा, कोळसा घासून डाग काढायच्या व्हिडिओंच्या नादी लागू नका, दाताचं वरचं आवरण झिजलं की परत येत नाही. लवंगेचं तेल कापसावर घेऊन रात्र काढायला ठीक आहे, पण सकाळी दवाखाना आहेच.

हो, आणि लहान मुलाच्या किडलेल्या दातावर डॉक्टरांनी एक चांदीचं औषध लावलं आणि तो भाग काळाकुट्ट झाला म्हणून भांडायला जाऊ नका, त्या औषधाने किडलेली जागा काळीच होते, ते आधीच सांगतात, आपण फक्त नीट ऐकत नाही.