आठ नोडांच्या क्लस्टरवर स्क्रॅचसाठी कुठली फाइल सिस्टिम घ्यावी?

वागळे इस्टेटमधलं डिझाइन ऑफिस असो की नेरुळच्या कॉलेजातली लॅब, आठ-दहा नोडांच्या क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या संगणकांवर; एकेक संगणक म्हणजे नोड) तक्रार बहुधा एकच असते: जॉब, म्हणजे दिलेलं गणिताचं काम, चालू आहे, पण प्रोसेसर नुसतेच वाट बघत बसलेत. अशा वेळी नवे नोड घेण्याआधी स्क्रॅच तपासा. स्क्रॅच म्हणजे जॉब चालू असेपर्यंत लागणाऱ्या फायलींची जागा. तिथलं काहीही कधीही जाऊ शकतं आणि बॅकअप मिळणार नाही, हे वापरणाऱ्यांना आधी लेखी कळवा, शिवाय लॉगिन होताच दिसेल असं लावा. ही अट मान्य नसेल तर ती जागा स्क्रॅच नव्हे आणि पुढचा सल्लाही तिला लागू नाही.

आधी तीन गोष्टी मोजा. एका जॉबमध्ये फायली किती होतात, एकेक केवढी असते, आणि ती एकाच नोडला लागते की सगळ्यांना एकदम. ओपनफोम (हवा-पाण्याच्या प्रवाहाचं गणित करणारा प्रोग्राम) नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक कोरचं वेगळं फोल्डर करतो आणि प्रत्येक टप्प्याला दाब, वेग अशा प्रत्येक राशीची वेगळी फाइल लिहितो. १२८ कोर, १० राशी, १,००० टप्पे: झाल्या १२ लाख ८० हजार फायली. इथे डिस्क कितीही वेगवान असो, वेळ जातो तो फाइल उघडण्यात, बंद करण्यात आणि नाव नोंदवण्यात, म्हणजेच मेटाडेटात. (ओपनफोमची कोलेटेड पद्धत लावली की सगळ्या कोरांच्या फायली एकत्र लिहिल्या जातात. फाइल सिस्टिम बदलण्याआधी ती लावून बघाच.) गॉसियन या रेणूंचं गणित करणाऱ्या प्रोग्रामचं उलट आहे. फायली मोजक्याच, पण प्रचंड, आणि त्यांतच पुन्हा पुन्हा वाचन-लेखन.

फाइल एकाच नोडपुरती असेल तर नोडमधलीच एसएसडी वापरा, नेटवर्कवर जाऊच नका. हिशेब सोपा आहे. १० गिगाबिटच्या लाइनवरून प्रत्यक्षात सेकंदाला साधारण १.१ जीबी येतात. आठ नोड एकदम लिहायला लागले की एकेकाच्या वाट्याला १४० एमबी. साधी साटा एसएसडी एकटी ५०० एमबी देते, एनव्हीएमई (अधिक वेगवान जातीची एसएसडी) त्याच्या कितीतरी पट. स्विच अजून १ गिगाबिटचाच असेल तर वाट्याला १४ एमबीच उरतात.

या स्थानिक डिस्कवर एक्सएफएस ही फाइल सिस्टिम (डिस्कवर फायली मांडण्याची पद्धत) टाका. फायलींच्या नोंदी, म्हणजे आयनोड, ते लागतील तसे बनवतं, मोठ्या फायलींना चांगलं पेलतं आणि प्रोजेक्ट कोटा लावून फोल्डरवार मर्यादा घालता येते. त्याचं पार्टिशन लहान करता येत नाही, पण स्क्रॅच नव्याने फॉरमॅट करता येतं, त्यामुळे ही अडचण इथे जाणवत नाही. दोन एनव्हीएमई असतील तर रेड ० करा, म्हणजे दोन्ही जोडून एकच मोठी, वेगवान डिस्क. एक डिस्क गेली की सगळं जाईल, ते आपण आधीच मान्य केलंय. माउंट करताना, म्हणजे डिस्क सिस्टिमला जोडताना, नोएटाइम द्या; मग प्रत्येक वाचनाची वेळ नोंदवली जात नाही.

ईएक्सटी४ वाईट नाही, पण त्याचे आयनोड फॉरमॅट करतानाच ठरतात. मूळ सेटिंगला १६ केबीमागे एक, म्हणजे १ टीबीला सुमारे ६ कोटी; पुष्कळ झाले. पण फायली मोठ्याच असतील असं धरून कुणी लार्जफाइल हा प्रकार निवडला असेल तर १ एमबीमागे एकच आयनोड मिळतो, १ टीबीला जेमतेम साडेनऊ लाख. वरचा ओपनफोमचा जॉब त्यावर मध्येच मरतो. डिस्क निम्मी रिकामी दिसते आणि मेसेज येतो की जागा उरलेली नाही. असा मेसेज आला की डीएफ कमांडला आय हा पर्याय देऊन आयनोड बघा. शिवाय ईएक्सटी४ मुळात ५ टक्के जागा रूटसाठी (सिस्टिमच्या मुख्य खात्यासाठी) राखून ठेवतं. ४ टीबीवर ती २०० जीबी होते. स्क्रॅचवर ती शून्य करा.

टीएमपीएफएस, म्हणजे रॅममधलं स्क्रॅच, लहान फायलींना सगळ्यात वेगवान. त्याची मर्यादा मुळात निम्म्या रॅमची असते, आणि तिथे लिहिलेलं जॉबच्या मेमरीत मोजलं जातं. वापरणाऱ्याने स्लर्मकडे (जॉबना नोड वाटून देणाऱ्या प्रोग्रामकडे) ६४ जीबी मागितले आणि त्यातले ४० फायलींनी खाल्ले, की प्रोग्रामला २४ च उरतात आणि जॉब मारला जातो. मेमरी मागताना फायली धरूनच मागा.

सगळ्या नोडांना एकच फाइल लागत असेल तरच सामायिक स्क्रॅच उभारा. आठ नोडांना बहुधा एनएफएस (एका सर्व्हरची डिस्क नेटवर्कवरून सगळ्यांना देण्याची सोय) पुरतं. सर्व्हरवर एसिंक लावा, म्हणजे डेटा डिस्कवर पोचायची वाट न बघता सर्व्हर होकार देतो (स्क्रॅचवरच, होमवर, म्हणजे वापरणाऱ्यांच्या कायमच्या फोल्डरांवर, कधीही नाही, कारण सर्व्हर बंद पडला तर लिहिल्यासारखं वाटलेलं डिस्कवर पोचलेलंच नसतं). बऱ्याच सर्व्हरांवर एनएफएसचे थ्रेड आठच असतात, ते ६४ करा. तरी पुरत नसेल तर बीजीएफएस (फायली अनेक सर्व्हरांवर वाटून ठेवणारी फाइल सिस्टिम): मेटाडेटा वेगळ्या एसएसडीवर ईएक्सटी४ करून, डेटा एक्सएफएसवर. त्याच प्रकारचं लस्टर उत्तम आहे, पण त्याला वेगळे मेटाडेटा सर्व्हर आणि ते सांभाळणारा माणूस लागतो. एवढ्याशा क्लस्टरला ते ओझंच होतं. घेतलंच तर लहान फायलींना स्ट्राइप (एका फाइलचे किती तुकडे वेगवेगळ्या डिस्कांवर वाटायचे) एकच ठेवा, मोठ्यांनाच चार-आठ द्या. बीजीएफएस आणि लस्टर दोन्हींचे क्लायंट (नोडवर चालणारा त्यांचा भाग) कर्नलशी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याशी, बांधलेले असतात. कर्नल अपडेट झाला की कधी कधी माउंट होत नाही. नोडांवर कर्नलचं आपोआप अपडेट बंद ठेवा.

पावसाळ्यात ठाणे-बेलापूरच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात वीज क्षणभर गेली आणि नोड यूपीएसवर नसतील, तर स्क्रॅच दुरुस्त करत बसण्यापेक्षा बूट होताना ते नव्याने फॉरमॅट करणं सोपं. काही सेकंदांचं काम आहे. फक्त एनव्हीएमईची क्रमांकाची नावं बूटगणिक बदलू शकतात, आणि नेमकी सिस्टिमची डिस्क पुसली जाते. स्क्रिप्टमध्ये बाय-आयडीखालचं, सीरियल नंबर असलेलं नाव द्या.

वेगाची चाचणी एफआयओ या प्रोग्रामने घेताना फाइल रॅमच्या दुप्पट ठेवा, नाहीतर डिस्कऐवजी रॅमचाच वेग मोजला जाईल. लहान फायलींसाठी एमडीटेस्ट हा मेटाडेटाचा वेग मोजणारा प्रोग्राम चालवा.

शेवटी सफाई. स्थानिक स्क्रॅचवर स्लर्मच्या प्रोलॉगमध्ये (जॉबआधी चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) जॉब क्रमांकाचं फोल्डर करा, एपिलॉगमध्ये (जॉबनंतरच्या स्क्रिप्टमध्ये) पुसा. एपिलॉग रूट म्हणून चालतो, तेव्हा पुसण्याआधी जॉब क्रमांक रिकामा नाही ना हे तपासायलाच हवं. रिकामा असला तर अख्खं स्क्रॅच जाईल. सामायिक स्क्रॅचवर १४ दिवसांपेक्षा जुन्या फायली रोज रात्री काढा. पण जुनी कशी ठरवणार? नोएटाइम लावल्यामुळे वाचल्याची वेळ नोंदवली जात नाही. बदलल्याची वेळही फसवते, कारण टार (अनेक फायलींचं एकच गाठोडं) उघडल्यावर फायलींवर मूळच्याच तारखा येतात: आज संध्याकाळी उघडलेला डेटा गेल्या वर्षीचा दिसतो आणि त्याच रात्री पुसला जातो. म्हणून फायली शोधणाऱ्या फाइंड कमांडला सीटाइम, म्हणजे फाइलच्या नोंदीत शेवटचा बदल झाल्याची वेळ, द्या. टार उघडताना तो त्या क्षणाचाच पडतो.