वनस्पतीजन्य इस्ट्रोजन घेण्याआधी बाटलीचं लेबल वाचा

रजोनिवृत्तीतल्या गरम झळा कमी करायला किंवा शरीराची ठेवण अधिक स्त्रीसारखी करायला अनेक जण सोया, रेड क्लोव्हर, हॉप्स, प्युरेरिया मिरिफिका या वनस्पतींच्या कॅप्सूल परस्पर सुरू करतात. यांतली संयुगं इस्ट्रोजन या स्त्री-संप्रेरकाच्याच रिसेप्टरना, म्हणजे ते पेशीत जिथे जोडलं जातं त्या जागांना, चिकटतात. परिणाम हवा असेल तर दुष्परिणामही गृहीत धरावे लागतात.

आधी लेबल वाचा. ‘सोया अर्क 500 मिग्रॅ, 40% आयसोफ्लेवोन’ म्हणजे एका कॅप्सूलमध्ये 200 मिग्रॅ आयसोफ्लेवोन (सोयातली इस्ट्रोजनसारखी संयुगं), दिवसाला दोन घेतल्या की 400. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2015 मध्ये आढावा घेतला तेव्हा अभ्यासांतले डोस साधारण 35 ते 150 मिग्रॅ होते, तेही रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांमध्ये. शिवाय ‘जेनिस्टिन’ आणि ‘जेनिस्टीन’ या सोयातल्या दोन संयुगांच्या नावांत एका वेलांटीचा फरक दिसतो, पण पहिल्याला साखरेचा रेणू जोडलेला असतो. त्याच्या 100 मिग्रॅतून दुसरं जेमतेम 62 मिग्रॅ मिळतं. टक्केवारी न देता नुसती ‘चूर्ण 500 मिग्रॅ’ लिहिलेली बाटली सरळ परत ठेवावी. तिच्यातला डोस मोजायला काही मार्गच नाही.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते गर्भाशयाच्या अस्तराकडे. गर्भाशय असलेल्या स्त्रीला डॉक्टर इस्ट्रोजन देतात तेव्हा अस्तर वाढत जाऊ नये म्हणून जोडीला प्रोजेस्टेरॉनसारखं औषध देतात. कॅप्सूलच्या बाटलीत ही जोड नसते. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन चाचणीत रोज 150 मिग्रॅ सोया आयसोफ्लेवोन पाच वर्षं घेणाऱ्या काही स्त्रियांत अस्तराची असामान्य वाढ आढळली. निष्क्रिय गोळी घेणाऱ्या गटात एकीलाही नाही. म्हणून पाळी बंद होऊन 12 महिने उलटल्यावर एकदाही डाग दिसला तर कॅप्सूल थांबवा आणि योनीमार्गातून सोनोग्राफी करून घ्या. अस्तर 4 मिमीपेक्षा जाड असेल तर बहुधा बायोप्सी सुचवतात.

मिश्रणांत इतरही काही घातलेलं असतं, आणि त्रास बऱ्याचदा त्याचाच होतो. ब्लॅक कोहोश या वनस्पतीनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत: गडद लघवी, पिवळे डोळे, अंगाला खाज, उजव्या बरगडीखाली दुखणं. यांतलं एकही लक्षण दिसलं की त्याच दिवशी बंद करा आणि रक्तातलं एएलटी, एएसटी, बिलिरुबिन (यकृताच्या तपासण्या) तपासा. ज्येष्ठमधातलं ग्लायसिऱ्हिझिन मूत्रपिंडातलं एक एन्झाइम अडवतं. त्यामुळे कॉर्टिसॉल हे शरीरातलं संप्रेरक मिठाचं संतुलन बिघडवतं, रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. लघवी वाढवणारं औषध किंवा हृदयाचं डिगॉक्सिन चालू असेल तर हे हृदयाच्या ठोक्यांवर बेततं. मिश्रणात सेंट जॉन्स वॉर्ट ही वनस्पती असेल तर गर्भनिरोधक गोळ्या निकामी ठरू शकतात.

चालू औषधांची यादी समोर ठेवा. थायरॉइडची लेवोथायरॉक्सिन गोळी आणि सोया यांत किमान चार तासांचं अंतर हवं, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनी डाँग क्वाय ही वनस्पती टाळावी, रक्तस्राव वाढतो. स्तनाचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग होऊन गेलेला असेल, स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन चालू असेल, गर्भारपण किंवा स्तनपान असेल तर अशा कॅप्सूल तज्ज्ञ डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातातही घेऊ नयेत. जेवणातलं सोया ही वेगळी बाब; पेलाभर सोयादुधात साधारण 25 मिग्रॅच्या आसपासच आयसोफ्लेवोन असतात.

शरीराची ठेवण बदलण्यासाठी घेणारे परिणाम दिसेना की डोस दुप्पट करतात, आणि इथेच घात होतो. या कॅप्सूलने टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक पुरेसं दबत नाही, त्यामुळे दुप्पट डोसने वाढते ती जोखीमच. रक्तातल्या इस्ट्रॅडिऑलच्या (शरीरातलं मुख्य इस्ट्रोजन) तपासणीवर विसंबू नका. ती शरीराचं स्वतःचं संप्रेरक मोजते, वनस्पतीतलं नाही. रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला तरी अस्तर वाढत असू शकतं.

घ्यायचंच ठरलं तर एका वेळी एकच वनस्पती, आणि सुरू करण्याआधी रक्तदाब, यकृताच्या व थायरॉइडच्या तपासण्या. सुरुवातीची तारीख आणि डोस वहीत लिहा. 12 आठवड्यांत झळा कमी झाल्या नाहीत तर पुढे रेटू नका. शस्त्रक्रिया ठरली असेल तर किमान दोन आठवडे आधी बंद करा आणि भूलतज्ज्ञांना सांगा. डॉक्टरांकडे जाताना बाटलीच सोबत न्या, कारण ‘कसलं तरी हर्बल’ यावरून कुणालाच काही कळत नाही.