क्रिप्टोत पैसे घातले आहेत, हे घरच्यांना कसे सांगावे

क्रिप्टोतील, म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल नाण्यांतील, गुंतवणुकीविषयी घरच्यांशी किंवा मित्रांशी बोलायला बसण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी, ती म्हणजे समोरच्याला क्रिप्टो पटवून देणे हा या बोलण्याचा हेतू नाही. उभा जन्म सहकारी बँकेत नोकरी केलेल्या मामांनी शेवटी ‘तुझेच बरोबर’ असे म्हणावे, ही अपेक्षा ठेवून बसलात तर थोड्याच वेळात आवाज चढतात आणि पुढे तो विषय घरात काढण्याची सोय उरत नाही. आपण किती पैसे घातले, ते कुठे ठेवले आहेत आणि ते बुडाले तर घरातला कोणता खर्च अडेल, एवढे त्यांना कळले की काम झाले. त्यांचा अविश्वास तसाच राहिला तरी चालतो. पुष्कळदा तो रास्तही असतो.

वेळही बघून घ्यावी. गोव्यात असले विषय बहुधा चवथीला निघतात, कारण मुंबईहून, आखातातून आलेली भावंडे आणि गावी राहिलेली वडीलमंडळी तेव्हाच एका छपराखाली असतात. जेवणे आटोपल्यावर सोप्यावर बसून कुणीतरी विचारते की हल्ली पैसे कशात घालतोस, आणि दहाजणांसमोर ज्याला उत्तर द्यावे लागते तो उत्तर न देता बाजू लढवू लागतो. त्या वेळी ‘थोडे क्रिप्टोत आहेत, सविस्तर नंतर सांगतो’ एवढे म्हणून विषय मिटवावा आणि ज्यांना खरोखर कळायला हवे त्यांच्याशी नंतर एकेकट्याने बोलावे.

सुरुवात जोडीदारापासून

या विषयावरच्या सर्वसाधारण सल्ल्यांत न आढळणारी एक बाब गोव्यातील विवाहित माणसाने आधी ध्यानात घ्यायला हवी. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासून चालत आलेला नागरी कायदा लागू आहे आणि लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नींची मालमत्ता सामाईक धरली जाते, तिच्यात दोघांचा निम्मा-निम्मा वाटा असतो. आयकरातही याची वेगळी दखल घेतलेली आहे: पगार सोडून इतर उत्पन्न दोघांत समान विभागून दोघांच्या विवरणपत्रांत दाखवावे लागते. म्हणजे नवऱ्याने कुणाला न सांगता घेतलेल्या बिटकॉइनवर नफा झाला, तर त्यातला अर्धा भाग बायकोच्या विवरणपत्रात यायला हवा. जे पैसे कायद्याने निम्मे तिचे आहेत त्यांच्याविषयी तिला जुलै महिन्यात सीएच्या कचेरीत, विवरणपत्रावर सही करताना कळावे, याला काय म्हणायचे?

त्यामुळे जोडीदाराशी बोलताना ‘मी क्रिप्टो घेतले आहे’ असे जाहीर करण्यापेक्षा, अजून घेतले नसेल तर घेण्याआधी, रक्कम दोघांनी मिळून ठरवावी. घरकर्जाचा हप्ता, मुलांच्या शाळेची फी, आईवडिलांच्या औषधपाण्याचा खर्च आणि किमान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढल्यावर जे उरते त्यातूनच ही रक्कम यावी, आणि ती पूर्ण शून्य झाली तरी वरीलपैकी एकाही खर्चाला हात लागणार नाही, हे कागदावर आकडे मांडून दाखवावे. जोडीदाराने त्या आकड्यावर ‘निम्मे कर’ म्हटले तर निम्मे करावे. वाद घालण्यासारखा तो मुद्दा नव्हे.

वारसांचा प्रश्नही इथेच येतो आणि तो लोक विसरतात. गोव्यात माणूस गेल्यावर इन्व्हेंटरी होते, तिच्यात घर, भाट (बागायत), दागिने, बँकेतील ठेवी यांची यादी होऊन वाटे पडतात. क्रिप्टो त्या यादीत आपोआप येत नाही. ते एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीकडे, ठेवले असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसाहक्काची कागदपत्रे घेऊन त्या कंपनीकडे दाद मागता येते, परंतु खाते होते हेच कुणाला ठाऊक नसेल तर दाद मागणार कोण? आणि स्वतःच्या वॉलेटमध्ये, म्हणजे कंपनीऐवजी आपल्याच ताब्यातल्या डिजिटल तिजोरीत, ठेवले असेल तर त्याची किल्ली म्हणजे ठरावीक क्रमाने लिहिलेले बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्द. ते हरवले की जगातले कोणतेही न्यायालय ते पैसे काढून देऊ शकत नाही. म्हणून एक्स्चेंजचे नाव, नोंदवलेला ईमेल आणि मोबाइल क्रमांक एका कागदावर लिहून विम्याच्या पॉलिसींबरोबर ठेवावा. वॉलेटचे शब्द मात्र त्या कागदावर लिहू नयेत, फोनमध्ये त्यांचा फोटो काढून ठेवू नये आणि व्हॉट्सॲपवर तर कुणालाच पाठवू नयेत. ते बंद पाकिटात लॉकरमध्ये राहावेत आणि पाकीट तिथे आहे एवढे जोडीदाराला माहीत असावे. संशयी माणसाचा विश्वास किमतीच्या आलेखापेक्षा या कागदाने जास्त बसतो, असे माझे मत आहे.

वडीलमंडळींच्या शंका

‘हो मटकोच न्हय?’ हा पहिला प्रश्न. मांडवीतल्या कॅसिनोंच्या बोटी रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे दुसरी उपमाही तयारच असते. यावर चिडू नये आणि ब्लॉकचेनचे, म्हणजे क्रिप्टोमागचे, तंत्र समजावायलाही लागू नये. त्यांनी तंत्राविषयी विचारलेलेच नसते. शंकेतला खरा भाग आधी मान्य करावा. काजूच्या बागेला दरवर्षी बोंडू लागतात, बिटकॉइनला तसे काहीच लागत नाही. व्याज नाही, लाभांश नाही, पुढचा माणूस जी किंमत देईल तीच त्याची किंमत. बिटकॉइनची संख्या २ कोटी १० लाखांच्या पुढे कधीच जाणार नाही अशी त्याची रचना आहे, आणि पुरवठा मर्यादित असल्यामुळे किंमत टिकेल अशी घेणाऱ्यांची धारणा आहे. ती धारणा आहे, हमी नाही, हे सांगूनच पुढे जावे.

त्यानंतर चढउताराचे आकडे आपणहून सांगावेत, ते काकांनी वर्तमानपत्रातून काढून दाखवण्याची वाट पाहू नये. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन ६९,००० डॉलरच्या आसपास पोहोचले होते आणि वर्षभरात ते १६,००० डॉलरच्या खाली आले. डॉलरमधील भाव धरला तर शिखरावर घातलेल्या लाख रुपयांचे पंचवीस हजारही उरले नव्हते. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच बिटकॉइनने १ लाख डॉलरचा टप्पा ओलांडला, हेही खरे. परंतु हा दुसरा आकडा आधी सांगितला तर पहिला लपवल्यासारखा वाटतो. उत्तर साधारण असे असावे: “काका, मटक्यात पैसे त्याच दिवशी जातात, इथे जायला कदाचित वेळ लागेल, पण जाऊ शकतात हे तुमचे म्हणणे मला मान्य आहे. म्हणून एका महिन्याच्या पगाराहून जास्त मी घातलेले नाहीत, आणि कर्ज काढून तर एक रुपयाही नाही.” हे वाक्य खरे असेल तरच उच्चारावे, हे वेगळे सांगायला नको.

‘सरकारने बंदी घातली होती ना?’ ही शंकाही नेहमीची. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांना सेवा देण्यास मनाई केली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये ते परिपत्रक रद्द केले. भारतात क्रिप्टो हे वैध चलन नाही, मात्र ते बाळगण्यावर बंदीही नाही. मार्च २०२३ पासून एक्स्चेंज चालवणाऱ्या कंपन्या मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आल्या असून त्यांना संशयास्पद आर्थिक व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या केंद्राच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करावी लागते. आपली एक्स्चेंज नोंदणीकृत आहे का, ते आधी तपासून ठेवावे. परंतु नोंदणी म्हणजे पैशांची हमी असे कधीच भासवू नये. तसेच रिझर्व्ह बँकेचा विरोध आजही मावळलेला नाही. तिचे तत्कालीन गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये, यामागे ट्युलिपच्या फुलाएवढेही मूल्य नाही, अशा अर्थाचे विधान केले होते, तेही सांगून टाकावे.

‘बुडाले तर?’ हा प्रश्न गोव्यात विशेष गांभीर्याने ऐकावा, कारण विचारणाऱ्याने बँका बुडताना पाहिलेल्या आहेत. म्हापसा अर्बन सहकारी बँकेचा परवाना २०२० मध्ये आणि मडगाव अर्बन सहकारी बँकेचा २०२१ मध्ये रद्द झाला, आणि त्याआधी निर्बंधांच्या काळात स्वतःचेच पैसे काढता न आलेले ठेवीदार अनेक घरांत आहेत. उत्साही तरुण या आठवणीचा फायदा घेऊन ‘बघा, बँकाही बुडतातच’ असे म्हणतात. हा युक्तिवाद करू नये, तो अंगावर येतो. बँकेतील ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते, त्यातूनच बहुसंख्य ठेवीदारांची पूर्ण भरपाई होते. क्रिप्टोला असे कोणतेही संरक्षण नाही. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर किमतीची नाणी चोरीला गेली, तेव्हा ग्राहकांना पैसे काढणे बंद झाले आणि ठेव विम्यासारखा आधार त्यांना कुठेच नव्हता. मामा बँकेत होते म्हणूनच त्यांना हा फरक आपल्याहून चांगला कळतो. त्यांच्या तोंडून तो ऐकण्यापेक्षा आपण मांडलेला बरा.

करांविषयी बोलताना एकच हिशेब करून दाखवावा. समजा, एक नाणे १ लाखाला घेऊन दीड लाखाला विकले, तर नफा ५० हजार. त्यावर ३० टक्के कर म्हणजे १५,००० आणि त्यावर ४ टक्के उपकर ६००, एकूण १५,६०० रुपये. त्याच वर्षी दुसऱ्या नाण्यात ४० हजारांचा तोटा झाला असेल तर खरी कमाई फक्त १० हजारांची. परंतु २०२२ पासूनच्या नियमांनुसार क्रिप्टोतील तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा होत नाही आणि पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. कर १५,६०० रुपयेच भरायचा. सगळे मिळून खिशातून ५,६०० रुपये गेले. विक्रीच्या वेळी कापला जाणारा १ टक्का टीडीएस या करातून वळता होतो, पण तोवर ते पैसे अडकून राहतात. हा हिशेब स्वतःहून मांडणाऱ्याला ‘तुला कोणीतरी भुलवले आहे’ असे म्हणणे कठीण जाते. मांडताना कधीकधी आपल्यालाच आपला उत्साह आवरता घ्यावासा वाटतो, तोही फायदाच.

मित्रांशी बोलताना

मित्रांचा संशय वेगळा असतो. आपण त्यांना कुठल्यातरी साखळीत ओढायला आलो आहोत, असे त्यांना वाटते, आणि हे वाटण्याला आधार आहे. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेत दरमहा १० टक्के परतावा अठरा महिने मिळेल, असे सांगून देशभरातील लोकांकडून पैसे घेतले गेले, आणि बोलावणारे पुष्कळदा ओळखीचेच होते. म्हणून मित्राशी बोलताना रेफरल लिंक पाठवू नये. तिच्यातून आपल्याला काही मिळत असते आणि ते उघड झाले की आधीचे सगळे बोलणे विक्रीचे ठरते. नफ्याचे स्क्रीनशॉट तर अजिबात दाखवू नयेत. पडत्या काळातले दाखवत नाही ना आपण?

उलट मित्रच तुम्हाला एखादा टेलिग्राम ग्रुप, हमखास परतावा किंवा ‘पैसे काढण्यासाठी आधी कर भरा’ असा संदेश दाखवू लागला, तर मात्र भीड ठेवू नये. ही फसवणूकच आहे असे स्पष्ट सांगावे आणि पैसे गेले असतील तर त्याच तासाला सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार करायला लावावे. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत पांगते आणि ती गोठवणे अवघड होते.

एवढे सगळे ऐकूनही कुणी ऐकणार नाही, हेही होईल. वडिलांनी ‘मला पटले नाही’ म्हटले की ‘बरे’ म्हणावे आणि त्यांनी पुन्हा विचारल्याशिवाय विषय काढू नये. ‘तुमच्या पिढीला हे कळत नाही’ हे वाक्य जिभेवर आले तर चहा टाकायला उठावे.

खरी अडचण तेव्हा होते, जेव्हा कालपर्यंत मटका म्हणणारे काका भाव वाढल्याची बातमी वाचून म्हणतात, “माझे पन्नास हजार घे आणि तुझ्याच खात्यातून घाल.” इथे नम्रपणे नाही म्हणावे. व्यवहार तुमच्या पॅनवर होतो, टीडीएस तुमच्या नावावर पडतो, नफा कराच्या दृष्टीने तुमचा ठरतो, आणि तोटा झाला तर तो कुणाचा, यावर घरात दोन तट पडतात. त्यांना खरोखरच घ्यायचे असेल तर खाते त्यांच्या पॅनवर आणि त्यांच्या बँक खात्याशी जोडून उघडावे, ओटीपी त्यांनीच घालावा, तुम्ही फक्त शेजारी बसावे. पहिल्या दिवशी एक्स्चेंज घेऊ देईल तेवढी लहानात लहान रक्कम घेऊन ती लगेच विकायला लावावी आणि शुल्क व कर कापून उरलेले पैसे त्यांच्या बँक खात्यात परत आलेले दिसेपर्यंत पुढची रक्कम घालू देऊ नये.