बायबलमधल्या बायका: एकत्र बसून कसं वाचावं

सुरुवात पत्रांपासून करू नका. पौलाने सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळ्यांना (चर्चना) लिहिलेली पत्रं आधी उघडली की "बायकांनी मंडळीत गप्प राहावं" या एका ओळीशी वर्ग अडकतो, आणि जिला घरात रोज तेच ऐकावं लागतं ती पुढच्या शनिवारी येत नाही. गोष्टींपासून सुरू करा. आणि अध्याय घेतला की पूर्ण वाचा. सुटं वचन कापून घेऊ नका.

मी बेळगावात कॅम्पाच्या बाजूला राहते, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले आणि आमच्या मराठी मंडळीतल्या बायांचा वाचनवर्ग बघते. कुणी खानापूरकडून लग्न होऊन आलेली, कुणी निपाणीला विड्या वळलेली, एकदोघींचं शिक्षण कन्नडमधून झालेलं म्हणून त्यांच्या हातात कन्नड बायबल. असा मिसळलेला वर्ग असेल तर घाबरू नका. सहा-आठ जणी पुरेत. त्याहून जास्त झाल्या की दोघीच बोलतात, बाकीच्या माना डोलावतात. वाचता न येणारी असेल तर वाचन झाल्यावर गोष्ट पहिल्यांदा तिलाच सांगायला लावा. वाचणाऱ्या बाया शब्दांना धरून बसतात. ऐकणारीला माणसं दिसतात. सुगीच्या दिवसांत मात्र वर्ग ठेवू नका, येऊन नुसत्या पेंगतात.

प्रत्येक वेळी विचारायचं ते ठरलेलं असू दे: या अध्यायात कोणत्या बाईला नाव आहे, ती स्वतः बोलते की दुसरंच कुणी तिच्याबद्दल बोलतं, आणि जमीन-पैसा कुणाच्या हातात आहे. यापलीकडे पांडित्य लागत नाही.

पहिली गोष्ट हागारची घ्या, उत्पत्ति १६ (म्हणजे उत्पत्ति या पुस्तकाचा सोळावा अध्याय; पुढेही असंच). ती सारायची मिसरी, म्हणजे इजिप्तमधली, दासी. मूल होत नाही म्हणून सारायच तिला आपल्या नवऱ्याच्या, अब्रामाच्या हवाली करते, आणि ती गरोदर राहिली की तिलाच छळते. अध्याय वाचताना बोट ठेवत जा. साराय आणि अब्राम तिचं नाव एकदाही तोंडात घेत नाहीत, "माझी दासी", "तुझी दासी" एवढंच. तिला नावाने पहिली हाक मारतो तो रानात, झऱ्यापाशी भेटलेला देवदूत. पुढे तीच देवाला नाव देते, मला पाहणारा देव. इथे बाया खूश होतात. पण वर्ग चालवणारीने नववं वचन झाकू नये: त्याच देवदूताने तिला मालकिणीकडे परत जाऊन तिच्या हाताखाली राहायला सांगितलंय. आमच्याकडे एक आक्का पटकन म्हणाली, "म्हंजे परत पाठवलंच की!" मी त्यावर काही सारवासारव केली नाही, तुम्हीही करू नका. पवित्र शास्त्र वाचताना मान वर करून विचारायची परवानगी आहे, हे बायांना अशाच ठिकाणी कळतं.

दुसरा वर्ग गणना २७ चा. आमच्या भागात यासारखा अध्याय नाही, आणि यावर प्रवचन मी क्वचितच ऐकलंय. सलाफहाद वाळवंटात वारला, मुलगा नाही. त्याच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, दर्शनमंडपाच्या, म्हणजे देवाच्या भेटीच्या तंबूच्या, दारात लोकांचा पुढारी मोशे, याजक, सरदार आणि अख्ख्या समाजासमोर उभ्या राहतात आणि म्हणतात, मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचं नाव का पुसायचं, आम्हाला वतन द्या. मोशे स्वतः निकाल देत नाही, देवाला विचारतो. आणि देव म्हणतो, मुलींचं म्हणणं बरोबर आहे. पाचही नावं मोठ्याने म्हणून घ्या. मग थोडं थांबा. खळ्यातल्या शेंगा फोडल्यासारख्या एकेक हकिगती बाहेर पडतात: भावाने कचेरीत नेऊन कुठे सही घेतली, हक्कसोड पत्र कुणी वाचून दाखवलं आणि कुणी नाही, उताऱ्यावर कुणाचं नाव आहे, माहेर तुटू नये म्हणून कोण गप्प बसली.

हे निघालं की कायदा माहीत असायला हवा, नाहीतर वर्ग नुसता हळहळण्यात संपतो. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो, आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. विधवा आणि मुलं असतील तर विधवेला एक तृतीयांश, उरलेलं मुलांमध्ये सारखं. केरळात त्रावणकोरच्या जुन्या कायद्यामुळे ख्रिस्ती मुलीला भावाच्या हिश्शाचा चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यातलं जे कमी ते मिळायचं. मेरी रॉय सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या आणि १९८६ साली तिथेही १९२५ चाच कायदा लागू असल्याचा निकाल लागला. शेजारची हिंदू मैत्रीण वर्गाला येत असेल तर तिला सांगा, कर्नाटकाने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना हक्क १९९४ सालीच दिला, अख्ख्या देशात तो २००५ साली आला. कागदावर सही करायची की नाही ते मात्र वर्गात ठरवू नका, त्यासाठी वकील आहेत.

आणि गणना ३६ पण वाचाच. तिथे भाऊबंद येऊन म्हणतात, या मुली दुसऱ्या वंशात गेल्या तर जमीन जाईल. मग हुकूम होतो की त्यांनी बापाच्या वंशातच लग्न करावं. पाचही जणी चुलतभावांशी लग्न करतात. मिळालं, पण दावं बांधून मिळालं. यावर बायांना समजावून सांगावं लागत नाही.

यानंतर एखादा हलका शनिवार ठेवा, रूथची गोष्ट. सरवा वेचणं म्हणजे काय हे आमच्याकडे कुणाला विचारायचं कामच नाही. नामी आणि रूथ, दोघी विधवा, एक सासू एक सून, एक इथली, एक परक्या मवाब देशातली. बाया आपणहून बोलतात.

कठीण अध्याय टाळायचे नाहीत, पण आदल्या आठवड्यात सांगून ठेवायचे. शास्ते ११ मध्ये इफ्ताह नवस बोलतो आणि त्यापायी स्वतःच्या मुलीचा जीव जातो. तिचं नाव कुठेच नाही. शास्ते १९ मध्ये एका लेव्याच्या, म्हणजे उपासनेची सेवा करणाऱ्या वंशातल्या माणसाच्या, उपपत्नीवर रात्रभर अत्याचार होतो, तिलाही नाव नाही, आणि सबंध अध्यायात ती एक शब्दही बोलत नाही. २ शमुवेल १३ मध्ये तामारवर तिचा सावत्र भाऊ अम्नोन बळजबरी करतो. ती आधी त्याला रोखते, स्पष्ट बोलते, नंतर राख घालून रडत जाते. सख्खा भाऊ अबशालोम तिला म्हणतो, गप्प राहा, तो तुझा भाऊ आहे. दावीद राजा रागावतो आणि काही करत नाही. या दिवशी मुलांना बरोबर आणू देऊ नका, कुणाला स्वतःचा अनुभव विचारू नका, आणि महिला मदतवाहिनीचा १८१ हा नंबर फळ्यावर आधीच लिहून ठेवा.

"देवाने हे कसं चालवून घेतलं?" हा प्रश्न येणारच. शास्त्र एखादी गोष्ट सांगतं तेव्हा ती करा असं सांगत नाही, हे इथे नीट समजवा. शास्तेचं शेवटचं वचनच बघा: जो तो आपल्या मनाला येईल तसं वागत होता. लिहिणाऱ्याने ते शरमेने लिहिलंय असं मला वाटतं. पण प्रत्येक ठिकाणी ही पळवाट चालत नाही. लेवीय १५ मध्ये पाळीच्या बाईला सात दिवस अशुद्ध म्हटलंय ती गोष्ट नाही, नियम आहे. तो अध्याय मार्क ५ बरोबर वाचा: बारा वर्षं रक्त जाणारी, सगळा पैसा वैद्यांवर घालवलेली बाई गर्दीतून येशूच्या वस्त्राला शिवते, आणि तो तिला "मुली" म्हणतो. यावरून "यहूदी वाईट आणि येशू चांगला" असं मात्र होऊ देऊ नका. येशूही यहूदीच होता, आणि पाळीचं बाजूला बसणं आपल्या घरांतून अजून पुरतं गेलेलं नाही.

लूक ७ मध्ये एक बाई येशूचे पाय आसवांनी भिजवते. वाचताना आधी विचारा, त्या बाईला पापी कोण म्हणतं. घरमालक शिमोन, नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या परूशी पंथाचा, मनातल्या मनात म्हणतो, गाव म्हणतो, लिहिणाराही म्हणतो. येशू शिमोनाला विचारतो, ही बाई तुला दिसते का? सौंदत्तीच्या यल्लम्माचा डोंगर आमच्याच जिल्ह्यात. देवदासी सोडण्यावर कर्नाटकाने १९८२ साली बंदीचा कायदा केला, तरी सोडलेल्या बायांना गावाने काय काय नावं ठेवली ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून हा अध्याय इथे हळू वाचावा.

त्याच दिवशी मरीया मग्दालीयेचं नाव साफ करा. ती वेश्या होती असं शुभवर्तमानात कुठेही नाही. लूक ७ मधली बाई निनावी आहे. मरीया लूक ८ मध्ये येते, योहान्ना आणि सुसान्ना यांच्याबरोबर, आणि या बाया आपल्या पैशाने येशू व शिष्यांचा खर्च चालवत होत्या. दोघींना एक केलं ते पोप ग्रेगरी यांनी, ५९१ च्या सुमाराच्या एका प्रवचनात. पुढे शेकडो वर्षं तेच चाललं. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी २२ जुलैचा तिचा स्मरणदिन प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीचा केला, कारण योहान २० प्रमाणे उठलेला येशू पहिल्यांदा तिलाच दिसला.

आता पत्रं काढा. १ करिंथ ११:५ आणि १४:३४ एकाच बैठकीत. पहिल्यात बाई प्रार्थना करते, संदेश देते, फक्त डोकं झाकून. दुसऱ्यात तिने गप्प बसावं. एकाच पत्रात दोन्ही. लग्नात वाचतात ते इफिस ५ बाविसाव्या वचनापासून न उघडता एकविसाव्यापासून उघडा, तिथे एकमेकांच्या अधीन राहा असं दोघांनाही सांगितलंय. नीतिसूत्रे ३१ ची सद्गुणी बाईही लग्नात येते, पण ती शेत पारखून विकत घेते ते सोळावं वचन वाचताना आवाज उगाच उतरतो. १ तीमथ्य २ वर मी वाद घालत नाही. बाईने शिकवू नये असं कुणी काढलं तर एवढंच विचारते, पंडिता रमाबाईंचं काय करायचं? त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ साली ते छापून निघालं. जन्माने त्या आजच्या कर्नाटकातल्याच.

पाळकसाहेबांना वर्गाला बोलवायचं असेल तर रोमकरांस १६ च्या दिवशी बोलवा. त्यांना खुर्ची देऊ नका, सतरंजीवरच बसवा. अध्यायातली नावं एकेकीने मोठ्याने वाचा, बायकांचं नाव आलं की बोट मोडा. किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी पहिली येते, मग प्रिस्का, मरीया, युनिया. यादी संपल्यावर त्यांना विचारा, आपल्या पंच कमिटीत किती बाया आहेत?