ट्रॅकबॉल घेताना अंगठ्याचा विचार करा

ट्रॅकबॉल माउस टेबलावर सरकवायचा नसतो. तो जागेवरच बसतो, फिरतो फक्त गोळा. त्यामुळे मनगट आणि खांदा कमी हलतो, टेबलावर पसारा असला तरी भागतं. पण अंगठा आधीच दुखत असेल, तर लॉजिटेक एम५७५सारखा अंगठ्याने फिरवायचा प्रकार टाळा, सगळा भार तिथेच येतो. केन्सिंग्टन एक्स्पर्टचा ५५ मिमीचा मोठा गोळा बोटांनी फिरतो आणि डावखुऱ्यांनाही चालतो. पॉइंटर अडखळू लागला की लगेच नवा माउस शोधू नका! बहुतेकदा मळच असतो. गोळा बाहेर काढा (एम५७५च्या तळाच्या भोकातून पेन्सिलीने ढकलला की निघतो) आणि आतल्या तीन बारीक टेकूंवरचा थर कापसाच्या काडीने पुसा.