डेस्कटॉपवर आपला फोटो लावण्याआधी

पडदे शिवायला टाकताना आधी खिडकी मोजतो, तसं आधी स्क्रीनचं माप घ्या. विंडोजमध्ये डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेवर राइट क्लिक करून 'डिस्प्ले सेटिंग्ज' उघडलं की 'डिस्प्ले रिझोल्यूशन'समोर दोन आकडे दिसतात: स्क्रीनच्या रुंदीत आणि उंचीत किती पिक्सेल, म्हणजे ठिपके, बसतात ते. घरातल्या बऱ्याच मॉनिटरवर १९२० × १०८०, जुन्या लॅपटॉपवर १३६६ × ७६८, अलीकडच्या काही लॅपटॉपवर १९२० × १२००. कुठेतरी टिपून ठेवा, पुढे सारखे लागतात.

मग फोटो गोळा करा, पण मूळ फोटो, फॅमिली ग्रुपवर आलेला नव्हे. इथेच बहुतेकांचं घोडं पेंड खातं. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीनं आलेला फोटो वाटेत लहान झालेला असतो. फोनवर कळत नाही. चोवीस इंची मॉनिटरवर ताणला की आजीच्या पैठणीच्या काठाचं पिठलं होतं. ज्यानं फोटो काढला त्याला 'डॉक्युमेंट म्हणून पाठव' असं सांगा, नाहीतर फोनला केबल लावून सरळ उतरवून घ्या. आयफोनवरून एचईआयसी (आयफोनचा फोटो साठवायचा प्रकार) फाइल आली आणि उघडेना, तर तिची आधी जेपीईजी, म्हणजे फोटोची नेहमीची फाइल, करून घ्या.

जुने प्रिंट असतील तर स्कॅनरची काच चष्म्याच्या कापडानं पुसून घ्या. काचेवरचा एक कण स्क्रीनवर माशीएवढा दिसतो. ४ × ६ इंची प्रिंट ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केला तर १८०० × १२०० पिक्सेल मिळतात, म्हणजे रुंदी जराशी कमीच पडते. ६०० ला ठेवा, ३६०० × २४०० येतात आणि कापाकापीला वाव राहतो. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो निघत नसेल तर ओढाताण नको, वरचा प्लास्टिकचा पापुद्रा बाजूला करून पानासकट स्कॅन करा.

आता निवड. इथे घाई करू नका, कारण आवडता फोटो वॉलपेपर म्हणून चांगला दिसेलच असं नाही. माझा पहिला वॉलपेपर भाचीच्या बारशाचा होता. अठरा माणसं, सगळी हसरी, आणि डावीकडे उभ्या असलेल्या आत्याच्या बरोबर कपाळावर रिसायकल बिन. ती घरी आली, चष्मा लावून स्क्रीनजवळ गेली आणि म्हणाली, "अरे, मला कचऱ्याच्या डब्याखाली उभं केलंस होय?" तेव्हापासून मी फोटोत आधी मोकळी जागा शोधतो, माणसं नंतर. विंडोजचे आयकॉन डावीकडून भरत जातात, मॅकवर ते उजवीकडे बसतात. त्या बाजूला आकाश, भिंत, पाणी, धुकं असं काहीतरी रिकामं हवं. विंडोज एक्सपीची ती हिरवी टेकडी आठवते? चार्ल्स ओरियर यांनी १९९६ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागात काढलेला तो खराखुरा फोटो. वर आकाश, खाली गवत, बाकी काही नाही. म्हणून तर त्यावर चाळीस आयकॉन टाकले तरी गर्दी वाटत नसे. माझ्या स्क्रीनवर सध्या कासच्या पठारावरचा सप्टेंबरातला फोटो आहे: उजव्या कोपऱ्यात थोडी जांभळी फुलं, बाकी नुसतं धुकं. ग्रुपवर टाकला तेव्हा त्याला कोणी अंगठासुद्धा दाखवला नव्हता.

कापण्याआधी मूळ फाइलची प्रत काढा. फोनचा फोटो बहुधा ४:३ असतो आणि स्क्रीन १६:९, त्यामुळे ४००० × ३००० चा फोटो कापल्यावर ४००० × २२५० उरतो. उंचीतला पाव भाग जातो. तो वरून जाऊ द्यायचा की खालून, हे आपण ठरवायचं. नुसतं 'फिल' (स्क्रीन भरेल असा फोटो आपोआप कापणारा पर्याय) लावून सोडून दिलंत तर कुणाचं डोकं उडेल सांगता येत नाही. 'स्ट्रेच'च्या वाटेला तर जाऊच नका, माणसं आडवी सुटतात. उभ्या फोटोची निम्म्याहून जास्त उंची जाते, म्हणून त्याचा हट्ट सोडा. फारच जीव अडकला असेल तर तीन उभे फोटो प्रत्येकी ६४० × १०८० चे करून शेजारीशेजारी लावा.

उजेड थोडा कमी करा. आयकॉनखालची नावं पांढरी असतात, पांढऱ्या आभाळावर ती हरवतात. विंडोज जेपीईजी वॉलपेपर स्वतःसाठी पुन्हा दाबून, म्हणजे फाइल लहान करून, ठेवतं. त्यामुळे आकाशात पट्टे दिसू लागले तर पीएनजी (चित्राचा तपशील न गमावता साठवणारी फाइल) करून बघा. स्लाइडशो लावणार असाल तर त्या फोटोंचं वेगळं फोल्डर करा आणि मग ते हलवू नका.

ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आणखी एक नजर टाका. मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर केली की मुलाच्या गळ्यातलं शाळेचं ओळखपत्र, दारावरची पाटी, गाडीचा नंबर सगळ्यांना दिसतो. तेवढं कापून टाका.

आणि आयकॉन झाकायचे असतील तर राइट क्लिक, 'व्ह्यू', 'शो डेस्कटॉप आयकॉन्स'वरची खूण काढा. आत्या येणार असली की मी सकाळीच काढून ठेवतो.